मैदान सर्वांचे

दिवाळीच्या दिवशी भल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. नवे कपडे घातलेली मुलेमुली, त्यांचे आईवडील, आजीआजोबा असे सगळे गणेश मंदिराच्या परिसरात जमतात. जुने मित्र भेटतात, गप्पा रंगतात. ठाण्यात राम मारुती रोडवर आणि मासुंदा तलावाच्या काठीही अशीच गर्दी होते. मंच बांधलेला असतो, गायक गात असतात, ऐकणारे माना डोलावत असतात. या सोहळ्याला ‘दिवाळी पहाट’ म्हणतात.

रस्त्यांप्रमाणे आपल्या शहरांतील क्रीडांगणांवरही मोठे मेळावे भरतात. डिसेंबर २०१० मध्ये ठाण्याला ८४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ते दादोजी कोंडदेव क्रीडागृहात. फेब्रुवारी २०१७ मध्ये ९० वे संमेलन डोंबिवलीला झाले, तेही क्रीडासंकुलातच. एरवी जेथे चेंडू उडतो, तेथे काही दिवस पुस्तके आणि कविता आल्या.

मुलांनो, समजा तुमच्या वस्तीतील लोकांनी ठरवले की, जवळच्या मैदानावर एका संध्याकाळी गाण्यांचा मोठा कार्यक्रम करायचा आणि शेवटी आतषबाजी करायची. तर तयारी कोठून सुरू करावी? बहुतेक जण विचारतील, ‘गायक कोण येणार?’ पण जाणता माणूस आधी विचारील, ‘मैदान केवढे आहे?’

चला, आपण कागद आणि पेन्सिल घेऊन बसू या. मैदान १२० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद आहे असे मानू. म्हणजे क्षेत्रफळ ९,६०० चौरस मीटर झाले. एका टोकाला मंच आणि त्यामागची जागा, १,६०० चौरस मीटर. अग्निशामक दलाची गाडी आणि रुग्णवाहिका येण्याजाण्यासाठी एक मोकळी पट्टी, ६०० चौरस मीटर. पाणपोई, स्वच्छतागृहे, प्रथमोपचार केंद्र आणि विजेचे जनित्र यांसाठी १,४०० चौरस मीटर. आता किती जागा उरली? ६,००० चौरस मीटर. खुर्च्या मांडल्या आणि मधून चालायला वाटा ठेवल्या, तर एका माणसाला साधारण एक चौरस मीटर लागतो. म्हणजे या मैदानावर ६,००० माणसे बसतील. मैदान रिकामे असताना डोळ्यांना वाटते, ‘येथे तर पंचवीस हजार माणसे मावतील!’ डोळे फसवतात, हिशेब फसवत नाही.

जागा मोजल्याशिवाय माणसे जमवली तर काय होते? एका चौरस मीटरमध्ये दोन माणसे उभी असतील, तर ती सहज हलू शकतात. पाचपेक्षा अधिक झाली की, माणूस आपल्या मनाने हलू शकत नाही. गर्दी त्याला ढकलत नेते. गर्दीत माणसे पायाखाली तुडवली जाऊनच मरतात असा आपला समज असतो. पण पुष्कळदा ती उभ्या उभ्याच गुदमरतात. चारही बाजूंनी दाब येतो, छाती फुगू शकत नाही आणि श्वास थांबतो. मागच्या माणसाला पुढे काय चालले आहे हे दिसत नाही, म्हणून तो पुढे सरकतच राहतो. त्याचा दोष नसतो. दोष असतो तो आधी हिशेब न करणाऱ्याचा.

यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. माणसे आत कशी येतील, यापेक्षा ती बाहेर कशी जातील? आत येताना लोक दोन तासांत थोडे थोडे येतात. बाहेर मात्र सगळे एकाच वेळी निघतात. सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून एका मिनिटात सुमारे ८० माणसे नीट बाहेर पडतात. आपल्या मैदानाला दोन-दोन मीटर रुंदीची दोनच फाटके असतील, तर मिनिटाला ३२० माणसे बाहेर जातील. ६,००० माणसांना किती वेळ लागेल? जवळजवळ १९ मिनिटे. रोज एवढा वेळ लागला तर काही बिघडत नाही. पण मंडपाला आग लागली तर १९ मिनिटे कोण थांबेल? मोठ्या क्रीडांगणांसाठी जाणकारांनी एक मर्यादा सुचवली आहे. संकटाच्या वेळी साधारण आठ मिनिटांत मैदान मोकळे व्हावे. त्यासाठी एकूण सुमारे साडेनऊ मीटर रुंदीच्या वाटा लागतील. शिवाय एखादे फाटक ऐन वेळी बंद पडेल, असेही धरून चालावे. म्हणून साडेतीन मीटरची चार फाटके हवीत. एक बंद झाले तरी उरलेली तीन पुरतील. ही फाटके बाहेरच्या बाजूला उघडणारी असावीत. कार्यक्रम चालू असताना त्यांना कुलूप नसावे आणि त्यांच्या तोंडाशी भेळेची गाडी किंवा स्कूटर उभी नसावी.

मैदानाबाहेर पडलेला माणूस कोठे जातो? आपल्या भागात तो बहुधा रेल्वे स्टेशनकडे जातो. २९ सप्टेंबर २०१७ ची गोष्ट आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर सकाळी गर्दी झाली होती. या स्टेशनला आता प्रभादेवी म्हणतात. पाऊस पडत होता, म्हणून लोक अरुंद जिन्यावर थांबले होते. त्यातच चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे दगावली. तेथे ना गाणे होते, ना आतषबाजी. होता फक्त एक अरुंद जिना. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या स्टेशनांवर तर नेहमीच गर्दी असते. म्हणून संयोजकांनी रेल्वे पोलिसांना कार्यक्रमाची वेळ आधी कळवावी. मुख्य गाणे संपल्यावर लगेच दिवे मालवू नयेत. शेवटी थोडा वेळ हलके वाद्यसंगीत चालू ठेवावे. ज्यांना घाई आहे ते निघतात, बाकीचे रेंगाळतात आणि गर्दी आपोआप विभागली जाते. मैदान सुटले, तरी संयोजकांची जबाबदारी सुटत नाही.

आता आवाजाकडे वळू या. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप जरा फसवे आहे. आवाज १० डेसिबलने वाढला, म्हणजे त्याची तीव्रता दहा पट वाढते. २० डेसिबलने वाढला, तर शंभर पट! ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ध्वनिक्षेपक लावला असेल, तर मैदानाच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा फार तर १० डेसिबल अधिक आवाज चालतो. उघड्या जागेवर रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणउत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकते. दिवाळी पहाटेचे गायक कितीही लवकर उठले, तरी ध्वनिक्षेपकाची पहाट सहा वाजताच होते!

हे नियम नुसते कागदावर राहू नयेत म्हणून ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी २०१० साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. ध्वनिक्षेपक लावणे हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही आणि हे नियम सर्वांना सारखेच लागू आहेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कार्यक्रम कोणाचाही असो, शेजारी झोपलेल्या माणसाचे कान तेच असतात.

येथे मला माझ्या लहानपणची एक आठवण सांगावीशी वाटते. आमच्या घरासमोर एक मैदान होते. एका रात्री तेथे गाण्यांचा कार्यक्रम झाला. माझ्या नानी त्या वेळी आजारी होत्या. त्यांना गाण्याची फार आवड. पहिला तासभर त्या पलंगावर पडून बोटांनी ताल धरत होत्या. दहा वाजले, अकरा वाजले, तरी आवाज वाढतच गेला. खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. अब्बांनी खिडक्यांवर रजया टांगल्या. नानी कानांवर हात ठेवून बसल्या. त्या एवढेच म्हणाल्या, “बेटा, गाणे चांगले आहे. पण ते माझ्यासाठी नाही असे वाटते.” त्या रात्री मैदानावर हजारो माणसे खूश होती. त्यांच्यापैकी कोणालाही नानींना त्रास द्यायचा नव्हता. पण त्यांचा विचारही कोणी केला नव्हता.

आता सर्वांच्या आवडीचा विषय, आतषबाजी. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतील ‘आतिशबाज़ी’ मराठीत ‘आतषबाजी’ झाली. मैदान, बंदोबस्त, परवाना, हिशेब, जबाबदारी हे शब्दही तुम्हांला घरचेच वाटतील. पण एक शब्द मात्र तुम्हांला चकवील. जुन्या मराठीत आतषबाजीला ‘दारूकाम’ म्हणतात आणि फटाक्यांना ‘शोभेची दारू’. येथे दारू म्हणजे प्यायची दारू नव्हे, तर बारूद. आणि ‘दवादारू’ म्हणताना त्याच शब्दाचा अर्थ औषध असा होतो. पाहा, एका शब्दाची किती रूपे!

पेशव्यांच्या बखरीत आतषबाजीची एक सुंदर हकिकत आहे. महादजी शिंदे १७९२ साली उत्तरेतून पुण्याला आले. त्यांनी सवाई माधवराव पेशव्यांना कोटा येथील दिवाळीचे वर्णन सांगितले. तेथे राजा ‘दारूची लंका’ उभारत असे. शोभेच्या दारूचे रावण, राक्षस आणि हनुमान करत. हनुमानाच्या शेपटीला बत्ती दिली की, तो उडत जाऊन लंका पेटवी. हे ऐकून पेशव्यांनाही ते पाहावेसे वाटले आणि पर्वतीजवळ तसा सोहळा करण्यात आला. पण या हकिकतीतील एक बारीक गोष्ट आपण ध्यानात ठेवू. कोट्याचा राजा ही लंका आपल्या राजधानीच्या आत पेटवत नसे. ती शहराबाहेर उभारली जाई.

असे का बरे? पुन्हा कागद-पेन्सिल घेऊ या. आकाशात जाऊन फुलणारे गोळे एका नळीतून उडवतात. अमेरिकेत त्यांच्यासाठी एक सोपा नियम पाळतात. गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे लोकांपासून ७० फूट अंतर ठेवायचे. तीन इंची गोळा असेल, तर २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर. हे अंतर एकाच बाजूला नव्हे, चारही बाजूंना हवे. म्हणजे १२८ मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ हवे. आपले मैदान केवढे आहे? १२० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद! सगळे प्रेक्षक घरी पाठवले, तरी हे वर्तुळ मैदानात मावत नाही. ते शेजारच्या इमारतींच्या गच्च्यांवर जाते, वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते, झाडांवरच्या घरट्यांवर जाते.

नियम मोडला तर काय होते, हे केरळमध्ये दिसले. कोल्लम जिल्ह्यातील परवूर येथे पुट्टिंगल देवालयाच्या उत्सवात आतषबाजीची स्पर्धा होत असे. २०१६ साली जिल्हा प्रशासनाने तिला परवानगी नाकारली होती. तरीही ती झाली. १० एप्रिलच्या पहाटे पेटता फटाका दारूच्या साठ्यावर पडला आणि मोठा स्फोट झाला. शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती सगळी माणसे उत्सव पाहायला आली होती.

म्हणूनच सार्वजनिक आतषबाजीसाठी स्फोटके नियम, २००८ नुसार वेगळा परवाना लागतो. दारू पेटवण्याचे काम शिकलेल्या माणसानेच करायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीला फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. घरोघरी फटाके उडवण्यापेक्षा ठरावीक जागी सर्वांनी मिळून ते उडवावेत, असेही सुचवले. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेतील शास्त्रज्ञांनी कमी धूर करणारे ‘हरित फटाके’ तयार केले आहेत. धूर कमी होतो, पण ठिणगी ती ठिणगीच!

तुम्हांला स्वतःलाही अंतर मोजता येईल. प्रकाश आपल्याला लगेच दिसतो. आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने येतो. आकाशात फूल उमलले की सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांनी आला, तर ते सुमारे एक किलोमीटर दूर आहे. प्रकाश आणि आवाज जवळजवळ एकदमच आले, तर समजा की तुम्ही फार जवळ उभे आहात. दोन पावले नव्हे, चांगले लांब जा.

मग आपल्या मैदानावर काय करावे? हिशेबाने उत्तर दिलेच आहे. गाण्याचा कार्यक्रम करावा. सहा हजार माणसे बोलवावीत, रात्री दहाच्या आत तो संपवावा. आकाशात जाणारे गोळे मात्र तेथे उडवू नयेत. फार तर पाण्याच्या बादल्या आणि वाळू जवळ ठेवून, राखलेल्या मोकळ्या जागेत दोनचार भुईनळे लावावेत. तुम्ही त्यांना अनार म्हणता. नाहीतर रंगीत दिव्यांची रोषणाई करावी. काही जण नाराज होतील. पण ‘नाही’ म्हणता येणे हाही नियोजनाचा भाग आहे.

कार्यक्रमासाठी अनेक परवानग्या लागतात. मैदान महानगरपालिकेकडून मिळते. ठाण्याची महानगरपालिका १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवलीची १९८३ साली स्थापन झाली. ध्वनिक्षेपक आणि बंदोबस्त यांसाठी पोलिसांकडे जावे लागते. ही दोन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. अग्निशामक दलाचा ‘ना हरकत’ दाखला लागतो. वाहतूक पोलिसांना कळवावे लागते. मंडपातील विजेच्या तारा तपासून घ्याव्या लागतात. पुष्कळांना हे सगळे कटकटीचे वाटते. पण प्रत्येक कागदामागे एक प्रश्न असतो. आग लागली तर गाडी कोठून येईल? तार तुटली तर वीज कोण बंद करील? कोणाला चक्कर आली तर रुग्णवाहिका कोठे उभी असेल? सही आणि शिक्का यांपेक्षा या प्रश्नांची उत्तरे मोलाची आहेत. संयोजकांनी ती लिहून काढावीत. प्रत्येक स्वयंसेवकाला आपली जागा आणि आपले काम पाठ असावे. आणि कार्यक्रम थांबवण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, हेही आधीच ठरलेले असावे. संकटाच्या वेळी चर्चा करायला वेळ नसतो.

शेवटचे पान कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसाचे आहे. तेच बहुतेक जण लिहायला विसरतात. मघाशी सांगितलेल्या त्या रात्रीनंतर सकाळी आम्ही मुले बॅट घेऊन मैदानावर गेलो. मंडपाचे बांबू काढले होते, पण खड्डे तसेच होते. गवतात बाटल्यांच्या काचा आणि खिळे पडले होते. माझा धाकटा भाऊ अनवाणी धावत होता. त्याच्या पायात गंजलेला खिळा घुसला. अम्मीने त्याला उचलून दवाखान्यात नेले. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले. कितीतरी दिवस तो खिडकीत बसून आमचा खेळ पाहत होता.

म्हणून मैदान घेताना भरलेली अनामत रक्कम परत मिळाली, की काम संपले असे समजू नये. खड्डे बुजवावेत, कचरा उचलावा, खिळे वेचावेत. मंडप गेल्यावर सर्व स्वयंसेवकांनी एका रांगेत उभे राहून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत जावे आणि दिसेल ती वस्तू उचलावी. अर्ध्या तासाचे काम आहे. त्यानंतर मैदान जसे घेतले, तसे ते मुलांच्या हाती परत द्यावे.

मुलांनो, मैदान सर्वांचे असते. ते गाणाऱ्याचे असते आणि ऐकणाऱ्याचेही. समोरच्या घरात आजारी पडलेल्या नानींचे असते आणि सकाळी अनवाणी धावणाऱ्या मुलाचेही. मोठे झाल्यावर तुम्हीही असे कार्यक्रम कराल. तेव्हा गायकांची यादी करण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन एकदा मैदानावर जा. आणि परत येताना समोरच्या घराचे दार वाजवून विचारा, ‘आमच्या कार्यक्रमाचा तुम्हांला काही त्रास तर होणार नाही ना?’